आठ महिने, तीन अटेंडंट, एक सिस्टर: घरच्या नर्सिंगचा आमचा अनुभव

जूनमध्ये बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. वय 79. उजवी बाजू गेली, गिळता येईना म्हणून नाकातून रायल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "घरी नर्सिंग केअर लागेल." आम्ही माना डोलावल्या. नर्सिंग केअर म्हणजे काय हे कळायला पुढचे तीन महिने गेले.

ज्या नर्सिंग ब्युरोकडून, म्हणजे घरी माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडून, मदत घेतली त्याचं नाव लिहीत नाही. बरंवाईट दोन्ही अनुभवलं, आणि अजून त्यांच्याकडचीच माणसं घरात आहेत.

पहिला घोळ शब्दाचा. फोनवर मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला सिस्टर येईल." आली ती अटेंडंट. ब्युरोच्या भाषेत पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई सिस्टर आणि प्रत्येक बाप्या ब्रदर. खरी नर्स म्हणजे 3 वर्षांचं जीएनएम किंवा 2 वर्षांचं एएनएम केलेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली. नोंदणी क्रमांक मागितला की फोनवरचा आवाज बदलतो, म्हणून तो आधीच मागा. अटेंडंट कमी प्रतीची, असं मात्र मुळीच नाही. अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं, भरवणं ही दिवसभराची कामं आमची ताई कुठल्याही नर्सपेक्षा सफाईने करते. पण ट्यूब घालणं, कॅथेटर बदलणं, इंजेक्शन देणं ही तिची कामं नव्हेत. शेवटी आमचं गणित असं बसलं: दिवसाची बारा तास एक, रात्रीची बारा तास एक, आणि आठवड्यातून दोनदा जीएनएम सिस्टरची व्हिजिट.

हे शहाणपण एका रात्री आलं. बाबांनी झोपेत डाव्या हाताने ट्यूब ओढून काढली. तेव्हाची रात्रीची अटेंडंट म्हणाली, "मी घालते की दादा, हॉस्पिटलात पाहिलंय." मी नको म्हटलं. ट्यूब अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली आणि त्यातून दूध सोडलं तर ते थेट फुप्फुसात. ब्युरोची "चोवीस तास हेल्पलाइन" रात्री दीडला वाजत राहिली, कुणी उचलली नाही. सिस्टर आली सकाळी नऊला. बाबा तोवर उपाशी.

त्याच बाईची दुसरी गोष्ट. आम्ही एक वही ठेवली होती: बीपी, शुगर, किती पाजलं, बॅगेत लघवी किती, आणि दर दोन तासांनी कूस कुठली. डावी, उजवी, पाठ. एकदा पावणेदोनला पाणी प्यायला उठलो तर बाई सोफ्यावर घोरत होत्या. वही उघडी होती. दोन, चार आणि सहाच्या नोंदी लिहून तयार! एकाच पेनाने, एकाच ओळीत, सहाला "पेशंट शांत झोपले" असा शेरासुद्धा. हसू आलं आणि घाबरायलाही झालं. त्यानंतर मी वही बघणं सोडलं आणि पाठ बघायला लागलो.

बघितलं ते बरं झालं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. सिस्टरने बोटाने दाबून दाखवला. साध्या लालीवर दाबलं की कातडी क्षणभर पांढरी पडते, हा डाग लालच राहिला. म्हणजे बेडसोरची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. तिने आधी बायकोने हौसेने आणलेली हवेची रिंग काढायला लावली (कडेने दाब वाढतो म्हणे), मग एअर बेडच्या मोटरचं बटण बघितलं. ते रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शेवटच्या आकड्यावर होतं, म्हणजे बाबा महिनाभर फुगवलेल्या फळीवर झोपले होते. पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवल्या, कूस बदलण्याचे अलार्म माझ्या मोबाईलवर लावले. डाग आठवड्यात गेला. रात्रीची बाई त्याआधीच गेली होती. बदली दोन दिवसांत मिळाली, एवढं ब्युरोच्या बाजूने लिहायला हवं.

फाउलर बेड, म्हणजे डोक्याची बाजू वर उचलता येणारा हॉस्पिटलसारखा पलंग, भाड्याने घ्या, विकत नको. ट्यूबने भरवताना आणि नंतर अर्धा तास डोक्याची बाजू उंच लागते. उशांचे डोंगर रचून ते जमत नाही. आमची लिफ्ट पुण्याच्या नारायण पेठेतली, म्हणजे दोन माणसं आणि एक पिशवी. पलंग सुटा करून तीन मजले जिन्याने चढवला.

खरी परीक्षा विसर्जनाची. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, चारही मिरवणुकीचे, आणि आम्ही बरोबर मध्ये. मी पंधरा दिवस आधीपासून ब्युरोला विचारत होतो, "त्या दिवशी काय?" उत्तर एकच: "करतो काहीतरी." त्यांनी काहीच केलं नाही. केलं ते दिवसाच्या ताईने. मूळची बीडची, राहते हडपसरला. आदल्या संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊनच आली, म्हणाली, "उद्या मला कोण सोडतंय आत? मी राहते." दीड दिवस राहिली. डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरत होती, बाबांचं बीपी वर. तिने त्यांच्या कानात कापूस घातला, खिडकीला गादी लावली आणि भिंतींच्या हादऱ्यात ठरल्या वेळी 200 मिली पेज ट्यूबने सोडली. दुसऱ्या दिवशी ब्युरोचा मेसेज आला: "आमच्या अखंड सेवेबद्दल अभिप्राय द्या."

पैशांचं बोलायचं तर बारा तासांचे आम्ही 900 देतो, ताईच्या हातात 600 पडतात. हे तिनेच सांगितलं, तेही चौथ्या महिन्यात. करारात अट आहे की तिला परस्पर कामावर ठेवलं तर डिपॉझिट जप्त. मोडावीशी वाटते. मोडली नाही, कारण ती आजारी पडली तर उद्या सकाळी आठला दुसरं कुणी पाठवणार ब्युरोच. मधले 300 रुपये मी त्या एका फोनचे धरतो. तो उचलला गेला तर.

आता ट्यूब निघाली आहे. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंमुळे बाबा मऊ भात आणि घट्ट केलेलं वरण खातात. कॅथेटरही गेलं. सिस्टरची व्हिजिट महिन्यातून एकदाच. फेब्रुवारीत ताईच्या मुलीची बारावी, म्हणून ती पंधरा दिवस गावी जाणार. बदली बाई परवा बघायला येते आहे. मी नोंदणी, अनुभव, आधार कार्ड अशी यादी करून बसलोय. बाबांची अट एकच, अजून जड असलेल्या जिभेने दोनदा सांगून झाली: दाढीला हात लावायचा नाही, ताई आल्यावर तीच करेल.