माऊस बाजूला, विमियम चालू

तीन महिने झाले विमियम वापरतेय, म्हणजे ते ब्राउझरचं एक्स्टेन्शन ज्याने माऊसला हात न लावता सगळं वेब फिरता येतं. आधीच सांगते, स्पीडसाठी टाकणार असाल तर पहिला आठवडा वैताग येईल, मी तर नेहमीपेक्षा हळूच चालले होते. पण आता काढवत नाही आणि त्याचं कारण स्पीड नाहीच आहे.

कसं चालतं बघा. एफ दाबलं की पानावर जेवढ्या लिंका आणि बटणं दिसतायत त्या प्रत्येकावर एक बारकी पिवळी चिठ्ठी चिकटते, तिच्यावर एक-दोन इंग्रजी अक्षरं. मी ज्या मथळ्याकडे बघतेय त्याच्यावरच समजा एसके उगवलं, एस दाबलं की एस नसलेल्या सगळ्या चिठ्ठ्या गायब, के दाबलं की पान उघडलं. बस. माऊस असताना आधी तो बाण कुठे हरवलाय ते शोधा, मग ओढत तिथवर न्या, तोपर्यंत काय वाचत होतो तेच विसरायला होतं. इथे नजर जिथे आहे तिथेच राहते. टॅब बटणाने पण लिंकेपर्यंत पोचता येतं म्हणा, पण मेनूतल्या पंचवीस-तीस लिंका ओलांडून मग मजकूर, कोण मोजत बसणार.

जे म्हणजे खाली आणि के म्हणजे वर, हे डोक्यात बसायला मला चार दिवस लागले. हे वळण व्हीआय नावाच्या जुन्या एडिटरचं, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामचं, बिल जॉय या प्रोग्रामरने १९७६ च्या सुमारास तो ज्या टर्मिनलवर (मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) लिहिला त्याला बाणांची वेगळी बटणंच नव्हती, एच जे के एल याच बटणांवर बाण छापलेले होते. तेच आजपर्यंत चालत आलंय. बाकी माझ्या रोजच्या कामाचं म्हणजे शिफ्ट टी, उघड्या टॅबांमध्ये नावाने शोधता येतं, माझ्यासारख्या चाळीस टॅब उघडे ठेवून बसणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काय हवं. आणि वाय दोनदा दाबलं की पानाचा पत्ता कॉपी.

आता रडगाणं. एकदा एका साइटवर भलामोठा फॉर्म भरत होते, अर्ध्या तासाची मेहनत, पुढच्या रकान्यात एक्सेल लिहायचं होतं आणि कर्सर रकान्यात आहे असं समजून मी न बघता टाईप करत सुटले. कर्सर रकान्यात नव्हताच. ई ने काही झालं नाही, पण एक्स म्हणजे टॅब बंद करा! गेला फॉर्म. शिफ्ट एक्सने टॅब परत आला पण रकाने सगळे कोरे. चूक माझीच, पण तेव्हापासून लिहायच्या आधी जीआय दाबायची सवय लावून घेतलीये, त्याने कर्सर पानावरच्या पहिल्या रकान्यात जाऊन बसतो. कॅप्स लॉक चालू राहिला तरी असाच गोंधळ, जे दाबून खाली जायला जावं तर शेजारचा टॅब.

मराठीत टाईप करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर विमियमला एफ कळतच नाही, कारण इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत एफच्या जागी पहिली वेलांटी आणि जेच्या जागी र आहे. मी दोन दिवस एक्स्टेन्शन बिघडलं म्हणून काढून परत टाकत होते. सेटिंगमध्ये इग्नोर कीबोर्ड लेआउट असा पर्याय आहे, त्यावर टिक करा, सुटला प्रश्न.

काही ठिकाणी ते चालतच नाही, क्रोमची स्वतःची सेटिंगची पानं, एक्स्टेन्शनचं स्टोअर वगैरे, तिथे ब्राउझरच कुणाला हात लावू देत नाही. माऊस वर नेला की उघडणारे मेनू पण आपोआप उघडत नाहीत, त्यासाठी मी अजून टचपॅडच वापरते. काही साइट तर अशा की बटण हे बटणच नसतं, नुसता रंगवलेला चौकोन, टॅब दाबून कुठे आलोय ते दाखवणारी कड पण डिझाइनला शोभत नाही म्हणून काढून टाकलेली. मला हा नुसता वैताग आहे, पण ज्यांना माऊस धरताच येत नाही किंवा दिसत नाही त्यांना दारच बंद. सगळं कीबोर्डने करता आलं पाहिजे हे वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमावलीत अगदी खालच्या पातळीची अट म्हणून २००८ पासून लिहिलेलं आहे, तरी ही तऱ्हा.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीवर मिळतं. टाकताना सगळ्या साइटींवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी मागतं, त्याशिवाय चिठ्ठ्या लावणार कशा, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकायच्या आधी विचारून घ्या. परवानगी द्यायचीच नसेल तर फायरफॉक्समध्ये सिंगल कोटचं बटण दाबून लिंकेतला शब्द टाईप करा आणि एंटर मारा, फक्त लिंकांमध्येच शोधतं, काही टाकावं लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. टाकलंत तर पहिल्या दिवशी एफ, जे, के आणि शिफ्ट एक्स एवढंच धरा, बाकीचं अडलं की प्रश्नचिन्ह दाबा, सगळी यादी तिथेच उघडते.