दिल्लीला जाताय तर इंदिराबाईंचं घर घाईत बघू नका

दिवाळीनंतर आईला घेऊन दिल्लीला गेले होते तेव्हा 1 सफदरजंग रोडचं इंदिरा गांधी संग्रहालय पाहिलं, म्हणजे दोनदा पाहिलं, कारण पहिल्या दिवशी आमच्या टूरवाल्याने जेमतेम 20 मिनिटं दिली आणि आईची पहिली खोली होईपर्यंत बसचा हॉर्न सुरू. मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच मेट्रोने लोक कल्याण मार्ग स्टेशनला उतरलो, पुढे रिक्षा. तिकीट नाहीये. फक्त सोमवारी बंद असतं.

बैठा बंगला आहे. पंतप्रधानांचं घर म्हणून जे डोळ्यासमोर येतं तसलं काहीच नाही, काचेतून आत बघायचं, पुस्तकांनी भरलेली अभ्यासिका, जेवणाचं टेबल, बसायची खोली, सगळं नीटनेटकं आणि साधं. भिंतींवर फोटो आणि पेपरची कात्रणं भरपूर, वाचायला वेळ काढाच. 1966 ला पंतप्रधान झाल्या तेव्हा समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी ज्यांना गूंगी गुडिया म्हटलं त्याच बाईंनी 1969 ला 14 बँका सरकारी केल्या आणि 1971 चं युद्ध जिंकून दाखवलं. आणीबाणी चूकच होती असं मी आजही म्हणते, पण बाईचा दरारा काय असतो ते आपल्या आयांनी पहिल्यांदा त्यांच्यात पाहिलं हेही तितकंच खरं.

आणि मग ती केशरी साडी. 31 ऑक्टोबर 1984 ला अंगावर होती तीच, रक्ताचे डाग, गोळ्यांची भोकं, बाजूला चपला आणि पिशवी. आई तेव्हा नववीत होती, सुट्टीत मामाकडे गेलेली, दिवसभर सगळी आळी एका रेडिओभोवती बसली होती म्हणते. काचेसमोर बराच वेळ उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "पदर कसा चापूनचोपून घ्यायच्या गं त्या."

बाहेर बागेत त्या शेवटच्या चालल्या ती वाट आहे, शेजारच्या अकबर रोडच्या ऑफिसकडे जाणारी, तिथे ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव त्यांच्या मुलाखतीसाठी थांबलेले होते. वाटेवर आता स्फटिक बसवलेत आणि त्या पडल्या ती जागा वेगळी काच लावून राखलीये. किती छोटी वाट आहे हो ती! आईने तिथे पोचायच्या आधीच चपला काढून हातात घेतल्या, मग मीही काढल्या.

सकाळी लवकर जा, नंतर सहलीच्या बसेस येतात आणि मागून ढकलाढकली होते.