‘मरीन विंडलास’ म्हणून जीपचा विंच गळ्यात मारला

समुद्रापासून लांब राहून कोकणात शिडाची होडी बाळगणारे आपण मोजकेच लोक. तरीही आपल्याला गाठून माल खपवणारे निघाले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. नाशिकमधल्या एका विक्रेत्याने मला नांगर उचलायचा विंडलास म्हणून जीपला लावायचा विंच, म्हणजे ड्रमवर दोरी गुंडाळून अडकलेली गाडी ओढायचं यंत्र, विकला. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण हे यंत्र ऐनवेळी दगा देतं तेव्हा होडीवरच्या माणसांचा जीव टांगणीला लागतो, तो राग मोठा आहे.

आमची होडी ३० फुटी, मेव्हण्याबरोबर भागीत घेतलेली, पावसाळा सोडला तर रेवस-मांडव्याच्या बाजूला असते. त्या भागात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, त्यामुळे साखळी नेहमी भरतीच्या पाण्याचा हिशेब धरून सोडावी लागते. भरतीला ८ मीटर पाणी, त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची १ मीटर, आणि त्याच्या पाचपट म्हणजे ४५ मीटर साखळी. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते. ६३ किलो साखळी आणि १५ किलोचा नांगर. मेव्हण्याच्या कमरेचं दुखणं वाढल्यावर हे हाताने ओढणं थांबवणं भागच होतं.

विक्रेत्याचा गाळा औद्योगिक वसाहतीत. नाशिकला अंबड-सातपूरला उत्तम काम करणारे कारखाने आहेत, त्यामुळे इथे चांगलं यंत्र मिळेल यात अविश्वास वाटण्यासारखं काही नव्हतं. त्याने धरणावरच्या एका बोटीचा फोटो दाखवला, ‘३१६ स्टील’ (खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस) असं सांगितलं, टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली आणि गाळ्यातच छताच्या गर्डरवरून दोरीने जड लोखंड उचलून दाखवलं. “साहेब, १८०० किलो ओढतो. तुमची होडीच उचलून धरेल.”

सगळी फसवणूक या १८०० आकड्यात आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. ४००० पौंड म्हणजे साधारण १८०० किलो. जीपच्या आणि एटीव्हीच्या (खडबडीत रानात चालवायच्या छोट्या चारचाकी गाडीच्या) विंचवर असेच आकडे छापतात, आणि ते ड्रमवर दोरीचा पहिलाच थर असताना, अगदी थोडा वेळ मिळणाऱ्या कमाल ओढीचे असतात. होडीला त्याची गरजच नसते. नांगर आणि साखळीचं एकूण वजन काढायचं आणि तिप्पट करायचं, एवढी विंडलासची कमाल ओढ पुरते. आमच्यासाठी ७८ गुणिले ३, म्हणजे २३४ किलो. १२ व्होल्टवर चालणारी ७०० वॉटची मोटर तेवढं काम करते. मोठा आकडा ऐकवून खरे प्रश्न विचारूच द्यायचे नाहीत, ही त्या माणसाची रीत होती.

खरा प्रश्न असतो चाकाचा. साखळीच्या विंडलासमध्ये साखळी ड्रमवर गुंडाळत नाहीत, तिथे साखळी धरणारं खोबणीचं चाक असतं, त्याला जिप्सी म्हणतात. साखळीची प्रत्येक कडी त्या खोबणीत बिनचूक बसावी लागते. नुसती ‘८ मिमी साखळी’ म्हणून भागत नाही, कडीची आतली लांबी, म्हणजे पिच, जुळावी लागते. साखळीच्या मापांची वेगवेगळी मानकं आहेत, डीआयएन हे जर्मन आणि आयएसओ हे आंतरराष्ट्रीय. ८ मिमीच्या डीआयएन ७६६ साखळीचा पिच २४ मिमी. १० मिमीला घोळ आणखी वाढतो: डीआयएन ७६६ ची कडी २८ ची, आयएसओ ४५६५ ची ३० ची. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. मोजायचं असेल तर १० कड्या ताणून पहिल्या कडीच्या आतल्या टोकापासून शेवटच्या कडीच्या आतल्या टोकापर्यंत माप घ्या. ८ च्या साखळीला ते २४० मिमी यायला हवं.

आमच्या यंत्रात ड्रम काढून त्या जागी एक चाक वेल्डिंगने बसवलं होतं आणि त्याच्या खोबणी आमच्या कडीपेक्षा मिलिमीटरभर मोठ्या होत्या. हलक्या ओढीला साखळी चालायची. खाडीत ओहोटीचा जोर असताना नांगर चिखलातून सुटायच्या बेताला साखळी चाकावरून उसळली आणि धडाधड परत पाण्यात गेली. मेव्हणा ओरडला, “दाजी, हात काढा!” हात निघाला म्हणून बोटं राहिली. अर्धवट सुटलेला नांगर फरफटत होडी कोळ्यांच्या जाळ्यांकडे निघाली होती. शेवटी दोघांनी साखळी हाताने ओढली.

खऱ्या विंडलासला क्लच असतो, तो सैल केला की साखळी आपल्या वजनाने मोकळी सुटते आणि आवळून तिचा वेगही आवरता येतो. यात त्या कामाचा क्लच नव्हता. अशा अनेक विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो, तो ओझं खाली सोडताना तापतो. आमच्याकडे साखळी सोडताना यंत्र हात लावू देत नव्हतं.

पहिल्याच हंगामात पायाच्या प्लेटवर तांबडे ओघळ आले. धरणाचं पाणी गोडं, तिथल्या फोटोवरून खाऱ्या पाण्याबद्दल काहीच कळत नाही. नाशिकमध्येच प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो तपासणी, म्हणजे धातूत काय काय किती आहे याची तपासणी, करून घेतली. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असायला हवं, यात ते नव्हतंच. मँगनीज भरपूर, निकेल कमी, म्हणजे २०० मालिकेचं स्वस्त स्टील. लोहचुंबक लावून हे ओळखता येत नाही, कारण दोन्ही स्टील चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे स्टील ज्या घाण्यात ओतलं त्याचा क्रमांक, मालावर कुठेही ठोकलेला नव्हता. केबल तासली तर वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम. १२ व्होल्टला ७०० वॉट म्हणजे जवळपास ६० ॲम्पिअर, ओझ्याखाली त्याहून जास्त, आणि बॅटरीपासून नाळेपर्यंत जाऊन परत यायचं अंतर धरायचं. अशा ठिकाणी ही केबल तापते. आगीचीच सोय होती ती.

परत न्यायला गेलो तेव्हा त्याने बिल पुढे केलं. तोंडी ‘मरीन विंडलास, ३१६’ म्हणणाऱ्याने बिलावर लिहिलं होतं ‘इलेक्ट्रिक विंच, १ नग’, आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. नशिबाने व्यवहाराआधीचे त्याचे व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे होते, त्यात दोन्ही शब्द त्यानेच लिहिलेले आहेत. ते पुसू नका, कोणाचेही असोत. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. मी प्रयोगशाळेचा अहवाल, मेसेज आणि चाकाच्या मापांचे फोटो जोडून तक्रार केली आहे.

तुम्ही घेणार असाल तर स्वतःच्या साखळीचा दोनेक मीटर तुकडा घेऊन जा आणि पैसे देण्याआधी तो चाकावर, ओझं लावून, पुढे-मागे फिरवायला सांगा. बिलावर साखळीचा आकार, पिच आणि स्टीलचा ग्रेड लिहून मागा. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि यंत्र कितीही चांगलं मिळालं तरी नांगरावर उभं असताना होडीचा ताण त्यावर ठेवू नका, साखळीला नायलॉनची दोरी अडकवून ती क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, बांधा.