डेसिटिनची जांभळी ट्यूब आणि जांघेतलं हट्टी पुरळ

आधीच सांगून टाकते, डेसिटिन ही डायपर रॅशवरची झिंकची क्रीम चांगली आहे आणि मी पाचपैकी चार स्टार देतेय. पण ती नक्की कशावर चालते आणि कशावर चालत नाही हे कळलं नाही तर आपण थरावर थर देत बसतो आणि लेकरू बिचारं खाजवून खाजवून हैराण होतं. म्हणून जरा लांबलचक लिहितेय, ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आमची मुलगी दीड वर्षाची. डोंबिवलीत राहतो, आम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे ती दिवसभर पाळणाघरात आणि डायपरमध्ये. पावसाळ्यात कान दुखून ताप आला, अँटिबायोटिक झालं, त्यावर जुलाब लागले आणि मग खालची सगळी जागा लालबुंद. ढुंगण धुवायला पाणी लावलं की किंचाळायची. आणि डायपर काढला रे काढला की हात थेट जांघेत, नखं लागून ओरखडे उठले होते. रात्री झोपेत पण पाय एकमेकांवर घासत राहायची, ते बघवायचं नाही.

नणंद न्यू जर्सीला असते, ती येताना डेसिटिनच्या ट्यूब घेऊन आली. यात दोन रंग असतात हे आधी लक्षात घ्या. निळी असते ती रोज लावायची, तिच्यात झिंक ऑक्साईड १३ टक्के. जांभळी मॅक्सिमम स्ट्रेंग्थवाली, तिच्यात ४० टक्के. मी बोलतेय ती जांभळीबद्दल. पांढरीशुभ्र, घट्ट, चिकट पेस्ट आहे, क्रीम म्हणतात पण क्रीमसारखी पसरत नाही, बोटानं अक्षरशः थापावी लागते.

हिचं काम काय तर कातडी आणि शी-शू यांच्यामध्ये आडवं उभं राहायचं, बस. शू बराच वेळ कातडीला लागून राहिली की त्यातून अमोनिया तयार होतो, कातडीचा आम्लपणा कमी होतो, आणि मग शीमध्ये पचनाचे जे रस असतात ते जास्त जोरात कातडी खायला लागतात. म्हणून जुलाबात एका दिवसात ढुंगण सोलवटून निघतं. पेस्टचा थर असला की हे सगळं थरावर राहतं, कातडीपर्यंत पोचत नाही. कोकणात पावसाआधी कौलांवर प्लास्टिक घालतात ना, तसं. वरून येणारं पाणी अडतं, पण भिंतीत आधीच ओल मुरली असेल तर प्लास्टिक घालून ती जात नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढे कळेल का ते.

लावायची पद्धत सांगते कारण बहुतेक जण मॉइश्चरायझरसारखी चोळून जिरवतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. चोळायची नाही. आधी कोमट पाण्यानं कापसाच्या बोळ्यानं साफ करायचं, वाइप्स त्या काळात पूर्ण बंद, खास करून सुगंधवाले. पाकिटावर मिथाइलआयसोथायाझोलिनोन असं लांबलचक नाव दिसलं तर ते वाइप्स परत ठेवा, त्या प्रिझर्वेटिव्हची ॲलर्जी येते बऱ्याच जणांना. मग मऊ सुती कपड्यानं टिपायचं, पुसायचं नाही, टिपायचं, आणि घडीघडीतलं पाणी सुकू द्यायचं. ओल्यावर पेस्ट बसतच नाही, घसरते. आणि थर इतका हवा की खालची लाल कातडी दिसली नाही पाहिजे. पुढच्या वेळी डायपर बदलताना तो थर खरवडून काढायचा नाही, वरची घाण तेवढी काढायची आणि उरलेल्या थरावरच अजून लावायची. दिवसातून एकदा खोबरेल तेलात कापूस बुडवून हलक्या हातानं सगळी पेस्ट काढायची. पाण्यानं ती निघत नाही, साबणानं घासायला गेलात तर पेस्टच्या आधी कातडी निघेल.

असं केल्यावर ढुंगणाचा भाग खरंच पटकन निवला. पाणी लावल्यावर रडणं थांबलं, सोललेल्या जागी नवी गुलाबी कातडी आली, तिथे ह्या ट्यूबला शंभर टक्के मार्क.

पण जांघा काही बऱ्या होईनात. घडीच्या आत लालभडक, चकाकणारं, कडेला ठळक रेघ, आणि त्या रेघेच्या बाहेर पोटाकडे आणि मांडीवर सुटे सुटे लाल दाणे. खाज तर होतीच. पेस्ट लावली की झाकलं जायचं, काढली की तसंच.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. केमिस्टकडे कापूस आणायला गेले तेव्हा सहज म्हटलं बाळाला पुरळ आहे, तर काउंटरवरच्या दादांनी लगेच एक ट्यूब पुढे केली, 'ताई ही न्या, दोन दिवसात गायब, सगळे हीच नेतात.' मी मागचं वाचलं तर त्यात बुरशीचं औषध, बॅक्टेरियाचं औषध आणि सोबत बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. मी नाही घेतली. अहो स्टेरॉइडची असली क्रीम चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम २०१८ पासून आहे, तरी सर्रास मिळतात. दोन दिवसात गायब होतं ते खरंच, कारण स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते. पण बुरशी असेल तर ती दबलेल्या लालीखाली आरामात पसरते, आणि बंद केलं की दुपटीनं वर येते. त्यात डायपरच्या आत सगळं बंद, दमट, त्यामुळे औषध नेहमीपेक्षा जास्त आत शोषलं जातं, आणि बाळाची कातडी मुळात नाजूक, ती पातळ पडते. कधी कधी डॉक्टर स्वतः सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देतात, ते वेगळं, ते बघून देतात. काउंटरवरून दिलेलं नको म्हणजे नकोच. मला याचा खूप राग येतो कारण समोरची आई रात्रभर जागलेली असते, तिला कुणीही काहीही देईल ते ती घेईल.

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पेस्ट पूर्ण साफ करायला लावली (सकाळी न लावता नेलं तर बरं, हे लक्षात ठेवा), मुलीला टेबलावर निजवलं आणि दोन बोटांनी जांघेची घडी उघडून मला म्हणाले, 'आई, इकडे या, हे बघा. साधा रॅश असता तर घडीच्या आतली कातडी वाचली असती, कारण तिथे डायपर घासत नाही. इथे उलट आहे, आतच जास्त आहे. आणि हे बाहेरचे दाणे दिसतात ना, ही कँडिडा. बुरशी.' मग अँटिबायोटिक झालं का, जुलाब झाले का विचारलं. कँडिडा आतड्यात थोडी असतेच, अँटिबायोटिकनं तिला आवर घालणारे चांगले जंतू मरतात मग ती वाढते, शीतून बाहेर येते आणि डायपरमधली ऊब आणि ओल तिला आयतीच मिळते.

आणखी दोन प्रश्न त्यांनी विचारले जे मला फार महत्त्वाचे वाटले. घरात अजून कुणाला रात्री खाज येते का, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला? म्हणजे खरूज तर नाही ना. आणि खाज फक्त शीच्या जागी, रात्री झोपेतच येते का? म्हणजे बारीक कृमी तर नाहीत ना. या दोन्हीवर जगातली कुठलीही रॅश क्रीम लावून उपयोग नाही, औषधंच वेगळी. खरजेला तर घरातल्या सगळ्यांना एकदम औषध लावावं लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

औषध दिलं ते साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का, म्हणजे बुरशीची क्रीम. फक्त तेच, सोबत काही नाही. चिठ्ठीवर त्यांनी 'प्लेन' शब्दाखाली दोनदा रेघ मारली, कारण त्याच ब्रँडच्या नावापुढे एखादं इंग्रजी अक्षर जोडलेली ट्यूब पण मिळते, डबी सारखीच दिसते आणि आत स्टेरॉइड असतं. दुकानात ट्यूब हातात आली की नाव नका बघू, मागचं कंपोझिशन बघा. ओळीत एकच औषध असलं पाहिजे.

आणि आता ह्या जांभळ्या ट्यूबचा खरा उपयोग. मी विचारलं मग झिंक बंद करू का, तर म्हणाले नाही, दोन्ही लावा, फक्त क्रम चुकवू नका. आधी कोरड्या कातडीवर क्लोट्रिमॅझोलचा अगदी पातळ हात, घडीत आणि दाण्यांच्या थोडं पुढेपर्यंत. ते जिरू द्यायचं. मग वरून झिंक पेस्ट. उलट केलं तर पेस्ट औषधालाच आत जाऊ देत नाही, इतकी ती चिवट आहे. आधी दाणे सुकले, मग घडीतला लाल रंग फिका पडत गेला, आणि खाजवणं त्याच्याही आधी कमी झालं, मला तर डायपर काढल्यावर तिचा हात दुसरीकडे, खेळण्याकडे गेला तेव्हाच हायसं वाटलं. पुरळ दिसेनासं झाल्यावर लगेच थांबायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, नाहीतर उरलेली बुरशी परत डोकं वर काढते.

सासूबाईंचा सल्ला सगळ्यात कामाचा निघाला हो. 'पोरीला जरा मोकळं सोड, वारा लागू दे.' रबरशीटवर त्यांची जुनी सुती साडी चौपदरी घालून दुपारी आणि संध्याकाळी उघडीच खेळवायच्या. शू झाली की साडीची घडी फिरवायची. डॉक्टर पण हेच म्हणाले. पावडर मात्र दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी बंद करायला लावली, सासूबाई म्हणाल्या घडीत गोळे होतात आणि डॉक्टर म्हणाले बारीक कण बाळाच्या श्वासात जातात. ज्यात कापूर, बोरिक ॲसिड किंवा फिनॉल आहे असलं जुनं मलम पण बाळाला अजिबात लावू नका, सोललेल्या कातडीतून ते अंगात जातं.

एक स्टार का कापला ते सांगते. पहिलं म्हणजे वास. मूळ पेस्टमध्ये कॉड लिव्हर ऑइल असतं, माशाचं तेल, आणि तो वास येतो, चांगलाच येतो. आमच्या घरी मासे चालतात तरी सुरुवातीला नाक मुरडलं गेलं, ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी आधीच लेबल बघावं. दुसरं, कपड्याचा सत्यानाश. नखात अडकते, दुपट्यावर पांढरे तेलकट डाग बसतात जे साध्या धुण्यात जात नाहीत. कापडी नॅपी वापरणाऱ्यांनी तर जपूनच, पेस्ट कापडात बसली की ते पाणी शोषतच नाही, मग बाळ अजून ओलं राहतं. मध्ये मलमलचा तुकडा घाला आणि तो वेगळा धुवा. तिसरं, इकडे इम्पोर्टेड म्हणून ऑनलाइन मिळते ती साध्या देशी ट्यूबपेक्षा बरीच महाग पडते. सौम्य लालीसाठी एवढा खर्च करायची गरज नाही, आपल्याकडच्या साध्या झिंकच्या क्रीमनं काम होतं, फक्त प्रमाण कमी असतं म्हणून थर जाड द्या आणि डायपर लवकर बदला.

पाळणाघरातल्या काकूंना मी पेस्ट छोट्या डबीत काढून दिली, लाकडी चपट्या काडीसकट, म्हणजे तेच बोट परत परत डबीत जात नाही. त्यांना दाखवून पण दिलं कसं थापायचं ते. आधी दुपारी एकदाच डायपर बदलत होत्या, आता दर दोन-तीन तासांनी बदलतात आणि शी झाली की लगेच, हे मी त्यांच्याशी स्पष्ट बोलून ठरवलं. सांगायला संकोच करू नका, डायपर ओला राहिला तर ४० टक्केवाली पेस्ट पण काही करू शकत नाही.

दोन-तीन दिवस नीट थर देऊनही फरक नाही, घडीत लाल आहे, दाणे आहेत, तर ट्यूब बाजूला ठेवून दाखवून या. फोड, पू, रक्त किंवा ताप असेल तर तेवढंही थांबू नका.

आणि कुणाला इथेच बनलेली, माशाच्या वासाची नसलेली, ४० टक्क्यांच्या आसपासची झिंक पेस्ट मिळाली असेल तर नाव कळवा, सोबत ट्यूबच्या मागचं झिंकचं प्रमाण पण लिहा, नुसतं 'आमच्या बाळाला सूट झाली' एवढ्यावरून घेता येत नाही. माझी शेवटची ट्यूब अर्ध्यावर आलीय आणि नणंद आता दिवाळीशिवाय येत नाही.