त्रिशूळाची बेचकी झाली तेव्हा अक्कल आली (अलकापुरीतला टॅटू स्टुडिओ, 4 स्टार)

आधी हे सांगते की या लोकांनी मला पहिल्यांदा चक्क परत पाठवलं होतं. नवरात्र आठ दिवसांवर, आणि बडोद्यात त्या आठवड्यात टॅटूवाल्यांकडे कशी गर्दी असते ते इथल्यांना सांगायला नकोच, बॅकलेस चोळी शिवून आलेली असते ना, मग पाठीवर काहीतरी पाहिजेच. काउंटरवरच्या मुलाने विचारलं गरबा खेळणार का, मी म्हटलं म्हणजे काय, नऊच्या नऊ दिवस. तर म्हणतो, "तो बेन, गरबा पछी आवजो," म्हणजे गरबा झाल्यावर या. हवं तर स्टिकरवाला लावून देतो म्हणाला, खरा नाही करणार. मी इतकी तणतणत खाली आले की पार्किंगमधून दुसऱ्याच कुणाची ॲक्टिव्हा काढायला लागले होते.

पण घरी येऊन आरशात पाठमोरी उभी राहिले आणि गप्प बसले. कारण तीन वर्षांपूर्वी मी हेच केलेलं, दुसरीकडे, नाव घेत नाही. नवरात्राच्या चार दिवस आधी खांद्यामागे छोटा त्रिशूळ. पैसे घेतले, वर प्लास्टिक चिकटवलं, "काही नाही होत, व्हॅसलीन लावत राहा" एवढं सांगितलं आणि पुढचं गिऱ्हाईक बसवलं. मग रात्री तीन-तीन तास गरबा, घाम, मैदानातली धूळ, आणि चोळीची दोरी बरोब्बर त्याच जागेवर घासत होती. पाचव्या दिवशी चोळी काढताना खपली चोळीलाच चिकटून आली, तिच्यासोबत मधलं पातं गेलं. आता जो दिसतो तो त्रिशूळ नाहीये, बेचकी आहे. माझा भाऊ अजून विचारतो कैऱ्या पाडायला जायचंय का.

तर दिवाळी झाल्यावर परत गेले, या वेळी आजीला घेऊन. आजीच्या हातावर गोंदण आहे, मनगटाच्या वर तुळशीचं रोपटं आणि खाली पाच ठिपके, मला अगदी तेच हवं होतं. टॅटू काढणारा पोरगा फाइन आर्ट्सचा शिकलेला, त्याने आजीचा हात मांडीवर उशी घेऊन ठेवला, सैल झालेली कातडी अंगठ्याने हळूच ताणली आणि वर बटर पेपर ठेवून एकेक रेघ छापून घेतली. अर्धा तास लागला कारण रेघा फुगून एकमेकींत मिसळल्यात, कुठे पान संपतं कळेना. मी विचारलं हिचं हिरवं-निळं का दिसतं, तर म्हणाला बा, तुमचं काळंच आहे, काजळीचं, कातडीच्या आतून बघितलं की काळं निळसर दिसतं. आजी म्हणाली आमच्या वेळी गोंदणारीण दारावर यायची, रडलं की आई हात धरून ठेवायची आणि वर हळद चोपडली की झालं.

काम चांगलं आहे. सुई माझ्यासमोर पाकिटातून फोडली, शाई छोट्या टोपणात काढली आणि उरलेली टाकून दिली, मध्ये फोन घेतला तर ग्लव्ह्ज बदलले. पावणेदोन तास, साडेचार हजार. पण मला लिहायचंय ते पुढच्या पाच आठवड्यांबद्दल कारण बेचकी तिथेच होते, खुर्चीत नाही.

यांनी वर पारदर्शक फिल्म लावली, सेकंड स्किन म्हणतात ती. रात्री तिच्याखाली काळं पाणी साठलं, जांभळं पिळल्यासारखं, आई म्हणाली शाई वाहून चालली, फोन कर त्यांना. केला. तर ते रक्तातलं पाणी असतं आणि वरची जास्तीची शाई, आत बसलेली हलत नाही. सुई जेमतेम एक-दोन मिलिमीटर आत जाते, वरचा थर काही आठवड्यांत गळूनच पडतो, शाई राहते ती त्याखालच्या थरात आणि तिथे शरीरातल्या पेशी ती कचरा समजून गिळून बसतात. त्या पोराने मला हेही सांगितलं की त्या पेशी मेल्या की नव्या येतात आणि सांडलेली शाई परत गिळतात, फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवलंय. म्हणजे टॅटू कायमचा राहतो तो एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जाऊन. मला हे फार आवडलं, आजीला अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी फिल्म नळाच्या कोमट पाण्याखाली धरून हळूहळू काढायची, ओढायची नाही. वास नसलेलं साधं लिक्विड सोप बोटांनी लावून धुवायचं, स्पंज नाही, आणि टॉवेलने पुसायचं नाही तर टिश्यू दाबून टिपायचं (टॉवेल म्हणजे जंतूंचं घर आणि धागे चिकटतात ते वेगळंच). मग नवी फिल्म. दुसऱ्या फिल्मने मला कडेकडेने बारीक लाल पुरळ उठलं, बरोब्बर चौकोनात, म्हणजे गोंदाची ॲलर्जी. रात्री अकराला फोटो पाठवला, दहा मिनिटांत उत्तर, काढून टाका, आता उघडंच ठेवा, दिवसातून दोनदा धुवा आणि क्रीम इतकं पातळ लावा की हात चकाकता कामा नये. जाड थर लावला की खपली ओली राहून निघते, जसं माझ्या व्हॅसलीनने केलं असणार.

सहाव्या दिवशी सालं निघायला लागली, हातावर फेविकॉल वाळल्यावर निघतो ना तशी, पण काळी. चादरीवर काळी सालं, आईला वाटलं मुंग्या. आणि खाज! मेली खाज जखमेपेक्षा वाईट. "खणशो नहीं", म्हणजे खाजवू नका, हे दोन शब्द त्यांनी दिलेल्या काळजी घेण्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरात आहेत, त्यांचं कारण तेव्हा कळलं. वरून थोपटायचं फक्त. मी एकदा झोपेत नख मारलंच, देठाजवळ, त्याचं पुढे सांगते.

आता घरची मंडळी. आई हळदीची वाटी घेऊन तयार, मावशीने खोबरेल सुचवलं, शेजारच्या काकींनी तर बोरोलीन आणूनच दिलं. सगळ्यांना नाही म्हणताना नाकी नऊ आले. फोडणी दुसऱ्याने द्यायची असं मात्र मी लगेच जाहीर केलं, तेल उडतं म्हणून, आणि ते जवळजवळ महिनाभर चाललं. गाडीवर पूर्ण बाहीचा सुती कुर्ता, कारण ताज्या टॅटूवर ऊन नको आणि भरेपर्यंत सनस्क्रीनही नको, भरल्यावर मात्र रोज. पोहणं बंद तीन-चार आठवडे, शॉवर चालतो.

तिसऱ्या आठवड्यात सगळं दुधाळ, फिकट, वर साय धरल्यासारखं दिसायला लागलं आणि मी म्हटलं संपलं, परत बेचकी. पण ती नवीन कातडी असते, पाचव्या आठवड्यात आपोआप साफ झाली आणि रेघा काळ्याकुळकुळीत. आतून पूर्ण भरायला दोन-तीन महिने लागतात म्हणे.

कार्डाचं आणखी एक आवडलं. त्यात लिहिलंय की लाली तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायला पाहिजे, उलट वाढली, जागा गरम लागली, पू आला, ताप आला तर आम्हाला फोटो पाठवू नका, डॉक्टरकडे जा. असं लिहिणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. फक्त एक लिहिलं नाहीये ते मी सांगते, टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. आमच्या ऑफिसच्या कॅम्पमध्ये बाही वर करून बसले आणि तशीच उठवली मला, बिस्किटाचा पुडा तेवढा मिळाला.

एक स्टार कापला तो जिन्यासाठी. दोन मजले, लिफ्ट नाही, कठडा डगमगतो, आजीला चढवताना माझा जीव वर आला. आणि कार्ड फक्त गुजराती आणि इंग्लिशमध्ये आहे, दांडिया बाजारातून इतकी मराठी पोरं येतात तुमच्याकडे, एक पान छापा की.

टच-अप फुकट आहे पण दोन महिने झाल्यावरच करतात, आधी हात लावत नाहीत. देठाजवळ नख लागलं होतं तिथे रेघ तुटलीये, पुढच्या शनिवारी जातेय. सोमवारी बंद असतं, मी एकदा हेलपाटा घातलाय.