फोक्सवॅगन टाइप 2 'बे विंडो' कॅम्पर, 1600 सीसी: पत्रा, टॅपेट आणि पेट्रोलची नळी

ही फोक्सवॅगनची आत झोपायची सोय असलेली जुनी व्हॅन; 'बे विंडो' हे नाव समोरच्या रुंद, गोलसर काचेवरून. भरलेली असताना वजन दीड टनाच्या पुढे आणि ते ओढायला मागे एअर-कूल्ड इंजिनचे पन्नास घोडे. सपाट रस्त्यावर ताशी 90 किमीला ही गाडी खुशीत असते. 110 पर्यंत जाते, पण तिथे तासभर ठेवली की ऑइल पातळ होतं आणि त्याची वसुली पुढे सिलिंडर हेडमधून होते. पेट्रोल शंभर किलोमीटरला 11 ते 14 लिटर. हे आकडे पटत असतील तरच पुढचं वाचा, कारण इंजिनात बदल करून तिची आधुनिक व्हॅन करू पाहणाऱ्यांचे पैसे आणि गाडी दोन्ही वाया गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. इथे विचार केलाय तो 1972 ते 1979 दरम्यान जर्मनीत बनलेल्या आणि आज ब्रिटन किंवा जर्मनीत विकायला दिसणाऱ्या गाड्यांचा.

माझं स्पष्ट मत: इंजिन बघून गाडी घेऊ नका, पत्रा बघून घ्या. 1600 चं इंजिन गिअरबॉक्सला 17 मिमीच्या चार नट-बोल्टांनी आणि मागच्या आडव्या आधाराने धरलेलं असतं. ट्रॉली जॅक असेल तर दोन माणसं एका दुपारी ते खाली उतरवतात, आणि त्याचे जवळजवळ सगळे भाग नवे मिळतात. सिल मात्र कुजलेले असतील तर वेल्डरचे तास मोजता मोजता गाडीची किंमत दुप्पट होते. सिल म्हणजे दाराखालचा लांब पट्टा. तो बाहेरून एक दिसतो, पण आत पत्र्याचे आणखी थर असतात. पाणी आत शिरतं, खाली माती साचून बाहेर पडायची भोकं बुजतात, आणि गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारा नवा पट्टा हे चांगलं लक्षण मानू नका. जुन्यावरच नवा ठोकून रंग मारलेला असण्याची शक्यता जास्त.

बघायला जाताना लोहचुंबक, टॉर्च आणि जुने कपडे न्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवर, चाकांच्या कमानींवर, पुढच्या दारामागे खाली वळणाऱ्या कोपऱ्यावर आणि समोरच्या काचेच्या रबराखाली फिरवा. पकड ढिली वाटली तिथे पत्र्याऐवजी पुट्टी (लांबी) भरलेली आहे. मग गाडीखाली झोपा. जॅक लावायच्या जागा आणि त्यांना चेसिसशी जोडणारे आडवे हात बघा, पुढच्या चाकामागून ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बघा, इंजिनच्या खोलीत बॅटरी ठेवायची तबकडी बघा. बॅटरीचं ॲसिड आणि दमट हवा यांनी ती आधी खाल्लेली असते. ताजं काळं अंडरसील, म्हणजे गाडीच्या तळाला गंजाविरुद्ध मारलेला थर, दिसलं तर मालकाला विचारून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. तो नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

1700, 1800 आणि 2000 सीसीची इंजिनं वेगळ्या घराण्यातली. जोर चांगला, ऑइल फिल्टर मिळतो, पण हेडला तडे जातात आणि एक्झॉस्ट-हीट एक्स्चेंजरचे, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेवर केबिनसाठी हवा तापवणाऱ्या डब्यांचे, भाग महाग पडतात. घरच्या घरी काम करणार असाल तर 1600 बरी.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि ती दाबणारा स्क्रू यांच्यामधली फट जुळवणं. या इंजिनचं आयुष्य ठरवणारं हे काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. दर 5000 किमीला करा, इंजिन रात्रभर थंड झालेलं असतानाच. माप चारही सिलिंडरला, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना 0.15 मिमी. मागे उभं राहून पुढे तोंड केलं की उजवीकडचा पुढचा सिलिंडर 1, मागचा 2; डावीकडचा पुढचा 3, मागचा 4. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रँक पुलीवर 30 मिमीचा पाना लावून फिरवा. पुलीवरची खूण इंजिनच्या मधल्या सांध्यासमोर आणि रोटर एक नंबरच्या खुणेसमोर आला की एकचे दोन्ही टॅपेट मोकळे. मग पुली उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, अर्धा फेरा फिरवत गेलात की क्रमाने 2, 3, 4 येतात. 13 मिमीचा लॉकनट सैल करा, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, स्क्रू असा बसवा की पट्टी हलकी घासत सरकेल. नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. बऱ्याच जणांचं गणित इथेच चुकतं.

फट कमी झालेली आढळली तर नुसती जुळवून विसरू नका. एअर-कूल्ड इंजिनात टॅपेट घट्ट होणं म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, नीट टेकत नाही, आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही, म्हणजे आणखी तापतो. त्याच सिलिंडरची फट दर वेळी कमी भरत असेल तर व्हॉल्व्हची दांडी ताणली जातेय किंवा सीट खचतेय. एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडेल आणि इंजिन संपेल. यात तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदनाम आहे, कारण 1971 च्या आधीच्या इंजिनांत ऑइल कूलर त्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच उभा असे. नंतर तो मागे स्वतंत्र खोक्यात गेला. पण पन्नास वर्षांत इंजिनांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे गाडीचं साल बघून इंजिनचं साल गृहीत धरू नये.

टॅपेटबरोबरच ऑइल बदला: अडीच लिटर, एवढंच. या इंजिनाला फिल्टर नाही, फक्त तारेची जाळी आहे, म्हणून अंतर लांबवायची सोय नाही. जाळीचं झाकण सहा छोट्या नटांवर असतं. ते 7 न्यूटन-मीटरला आवळायचे, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोराने. गळती थांबवायला दाबून आवळलं की स्टड केसमधून उपटून येतो आणि गळती कायमची होते. दोन्ही बाजूंचे कागदी गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला.

रेडिएटर नसल्यामुळे हवा हीच या इंजिनची पाण्याची टाकी. इंजिनभोवतीचा पत्रा आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. ती गळून पडली की खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो. विक्रीच्या गाड्यांत ही पट्टी निम्म्या वेळा नसतेच, आणि मालक मात्र महागडा जादा ऑइल कूलर बसवून बसलेला. पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर आहे आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात, म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला की 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असं करू नका. पट्टा तुटला असेल तर दोन मिनिटांत इंजिन भाजतं. पट्ट्याचा ताण डायनॅमोच्या पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या वॉशरांवर ठरतो: मधला वॉशर काढून बाहेर लावला की पट्टा घट्ट. अंगठ्याने दाबल्यावर साधारण 15 मिमी दबला पाहिजे.

या गाड्या जळतात, आणि बहुतेक वेळा कारण पेट्रोलच्या नळीचं असतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल 10 टक्के इथेनॉलचं झालं. जुनं कापडी वेष्टणाचं रबर ते सोसत नाही, आतून सुटतं आणि चिरतं. सगळी नळी एकदाच बदला, इथेनॉल सोसणारी आर9 दर्जाची 5 मिमी घ्या, नीट क्लिपा लावा, आणि टाकीत प्रीमियम ई5 (जास्तीत जास्त 5 टक्के इथेनॉलचं) भरा. पेट्रोलचा प्लास्टिकचा फिल्टर इंजिनच्या खोलीत लटकवलेला असेल तर तिथून काढून गाडीखाली, टाकीच्या बाजूला न्या. कार्बोरेटरची पितळी इनलेट नळी हाताने हलवून बघा. ती नुसती दाबून बसवलेली असते आणि सैल होऊन निघते. खाली डिस्ट्रिब्युटरची ठिणगी, वर सुटलेलं पेट्रोल. स्वयंचलित अग्निशामक ही चैन मानू नका.

बाकीचं थोडक्यात. पुढच्या बीमला, म्हणजे पुढची चाकं धरणाऱ्या आडव्या नळ्यांना, चार ग्रीस निपल आहेत आणि स्टिअरिंगच्या मधल्या लिव्हरला एक. चाकं वर उचलून ग्रीस द्या, नाहीतर ते भार असलेल्या बाजूला पोचत नाही. पाचवं निपल वर्षानुवर्षं कोरडं राहतं आणि मग स्टिअरिंग जड झाल्याची तक्रार होते. गिअरबॉक्समध्ये जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल घाला. टायर 185 आर14 चे, 'सी' (व्यावसायिक वाहनांच्या) दर्जाचेच. साध्या मोटारीचे स्वस्त टायर बसतात, पण बाजूने लवतात आणि वाऱ्यात गाडी नाचते. हीट एक्स्चेंजर गंजून भोक पडलं असेल तर एक्झॉस्टचा धूर थेट केबिनमध्ये येतो, म्हणून झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावी.

कागदपत्रांत या गाडीचं नशीब चांगलं आहे. ब्रिटनमध्ये 40 वर्षं झाल्यावर रोड टॅक्स माफ होतो, फार बदल केले नसतील तर एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या वाहन तपासणीची, सक्तीही नाही. तरी एमओटी करून घ्या. सिल आणि ब्रेक दुसऱ्या डोळ्यांनी तपासले जातात. जर्मनीत 30 वर्षांनंतर ऐतिहासिक गाड्यांची 'एच' नंबरपाटी मिळते. ब्राझीलमध्ये हीच गाडी 2013 पर्यंत बनत होती आणि 2005 च्या शेवटापासून तिला पाण्याने थंड होणारं इंजिन आलं. दिसायला जुनी म्हणून ती घेतलीत तर वरच्या सवलती मिळणार नाहीत.

1960-70 च्या दशकांत हिप्पी मंडळी असल्याच व्हॅन युरोपातून इराण, अफगाणिस्तान पार करत गोव्यापर्यंत आणत. तुम्हाला तेवढं लांब जायचं नसलं तरी गाडीत पंख्याचा पट्टा, 21 मिमीचा पाना, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कंडेन्सर आणि मीटरभर पेट्रोलची नळी ठेवा. पॉइंटची फट 0.4 मिमी. गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्डावर काम भागतं.