तयार साठ्याचे आमिष: कच्च्या मालाच्या मुदतीवरून झालेली फसवणूक

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. औषध कंपन्यांना लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि मिश्रणपात्रे आम्ही बनवतो. उत्पादनाचे नियोजन आणि साहित्याची खरेदी ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. गेल्या पावसाळ्यात पत्र्याच्या एका ऑर्डरीत आमची फसवणूक झाली. नुसते पैसे बुडाले असते तर त्याबद्दल लिहायला मी बसलो नसतो. परंतु ज्या रीतीने हे घडवून आणले गेले, ती रीत तारखेच्या दडपणाखाली काम करणाऱ्या कोणत्याही कारखान्यावर चालू शकते, म्हणून सारा तपशील मांडत आहे.

आमच्या कामाची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे होते. ग्राहकाला पात्र ज्या तारखेला हवे, तिथून मागे येत ग्राहकासमोरची तपासणी, पाण्याच्या दाबाची चाचणी, पॉलिश, वेल्डिंग, पत्रा गोल वळवणे आणि डिश एंड (पात्राची घुमटाकार टोके) बाहेरून दाबून आणणे, अशा प्रत्येक टप्प्याचे दिवस वजा केले की पत्रा स्टोअरमध्ये केव्हा असायला हवा ती तारीख निघते. तिच्यातून पुरवठ्याचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ) वजा केला की ऑर्डर केव्हा द्यायची ते ठरते. मोटर, गिअरबॉक्स आणि मेकॅनिकल सील यांना वेळ अधिक लागतो, म्हणून त्यांच्या ऑर्डरी आधीच गेलेल्या होत्या. पत्रा मात्र ड्रॉइंगला मंजुरी मिळाल्याशिवाय मागवता येत नाही, आणि ती मंजुरी ग्राहकाकडून उशिरा आली. हव्या त्या जाडीचा आणि रुंदीचा ३१६ एल या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा आमच्या नेहमीच्या पुरवठादारांकडे शिल्लक नव्हता. मिलमधून आणून द्यायला ते आठ ते दहा आठवडे मागत होते आणि आमच्या आराखड्यात जेमतेम चार आठवडे उरले होते.

अशा वेळी आपण चार ठिकाणी चौकशी पाठवतो, आणि तीत माल केव्हा हवा ती तारीखही लिहितो. पुण्याजवळ गोदाम असल्याचे सांगणाऱ्या एका व्यापाऱ्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. ‘साहेब, माल तयार आहे, तीन आठवड्यांत तुमच्या गेटवर पोचतो,’ असे त्याने फोनवर सांगितले. त्याचा दर इतरांपेक्षा थोडा चढाच होता, आणि त्याच्या डावपेचातील हा भाग मला आजही सर्वांत घातक वाटतो. फार स्वस्त दिसले की सावध व्हावे, हे खरेदीच्या कामात प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले असते. चढ्या दराने वेळेत माल देणारा मनुष्य मात्र अनुभवी वाटतो. त्याने विकायला काढली होती ती मुदत, आणि आमची मुदत किती आखूड आहे हे त्याला आमच्याच चौकशीपत्रातून कळले होते.

कागदांची बाजू त्याने नीट सांभाळली होती. गोदामातील पत्र्यांच्या थप्प्यांची छायाचित्रे, मिल टेस्ट सर्टिफिकेटची (पत्रा बनवणाऱ्या मिलच्या दर्जाच्या प्रमाणपत्राची) प्रत, २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक आणि उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र असे सर्व त्याने न मागता पाठवले. यातील उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, थोडे सांगायला हवे. ही नोंदणी अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणेवर मिळते. त्या उद्योगाची पत किंवा त्याच्याकडचा साठा कोणीही तपासलेला नसतो, तरीही सरकारी शिक्क्याचा कागद म्हणून तिचे वजन पडते. जीएसटी क्रमांक खरा होता. तो पोर्टलवर टाकला की नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रे भरल्याची यादीही दिसते. येथे नोंदणी जेमतेम काही महिन्यांपूर्वीची होती, आणि स्टीलच्या व्यापारात ‘वडिलांपासून’ असल्याचे तो सांगत होता. विचारल्यावर भागीदारी मोडून नवी पेढी काढल्याचे कारण त्याने दिले. अशा गोष्टी व्यापारात घडतात, त्यामुळे ते कारण पटण्यासारखे होते. व्यवहार ठरला तो असा: ४० टक्के आगाऊ, ४० टक्के माल निघाल्याची कागदपत्रे मिळाल्यावर आणि उरलेले २० टक्के माल पोचल्यावर.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका सकाळी ट्रान्सपोर्टच्या एलआरचे (माल गाडीत चढवल्याच्या पावतीचे) छायाचित्र आले आणि त्यासोबत ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा जीएसटीचा कागद, आले, त्यात गाडीचा क्रमांकही भरलेला होता. त्या दिवशी दुपारी दुसरा हप्ता गेला, आणि नियोजनाच्या तक्त्यात पत्र्यापुढे ‘मार्गावर’ अशी नोंद झाली. संध्याकाळी ते ई-वे बिल रद्द झाले. काढल्यापासून २४ तासांच्या आत ते रद्द करण्याची सोय नियमातच आहे, आणि रद्द झाल्याची सूचना घेणाऱ्याच्या हातात आपोआप येऊन पडत नाही. पोर्टलवर जाऊन पाहावे लागते. आपल्या जीएसटी क्रमांकावर दुसऱ्याने काढलेली बिले तेथे आपल्याला दिसतात, आणि ७२ तासांत ती नाकारताही येतात.

पुढचे दिवस त्याने पावसावर काढले. घाटात दरड आली आहे, अवजड गाड्या अडवल्या आहेत, आता दुसऱ्या मार्गाने वळवली आहे, अशी उत्तरे रोज मिळत होती. अनमोड किंवा चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात हे खरोखरच होते, त्यामुळे गोव्यात बसलेल्या माणसाला ते खोटे म्हणता येत नाही. शेवटी ई-वे बिलावरचा गाडीचा क्रमांक परिवहन खात्याच्या ॲपवर टाकला, तेव्हा ती गाडी दुचाकी निघाली. पाच मिलिमीटर जाडीचे पत्रे कागदोपत्री एका स्कूटरवरून घाट उतरत होते.

येथेच तो गायब झाला असता तर प्रकरण सरळ होते. आम्ही पोलिसांत जाण्याची भाषा केल्यावर त्याने चतुर्थीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, एक लहान टेम्पो खरोखर पाठवला. वसाहतीतील निम्मे कामगार तोवर गावी जायला निघालेले असतात, आणि आलेला माल उतरवून थेट वर्कशॉपात न्यावा असा सर्वांचाच कल असतो. टेम्पोत ठरलेल्या मालाच्या पाव हिश्शाएवढे पत्रे होते.

आमच्या फोरमनना पहिली शंका आली ती छापावरून. मिलमधून येणाऱ्या ज्या पत्र्यांची आम्हाला सवय आहे, त्यांवर ग्रेड, जाडी आणि हीट नंबर (पत्रा ज्या वितळणीतून निघाला तिचा क्रमांक) यांच्या ओळी लांबीभर पुन्हा पुन्हा उमटलेल्या असतात. या पत्र्यांवर मात्र एकाच कोपऱ्यात, स्टेन्सिल ठेवून फवारल्यासारखा छाप होता, आणि बाकीचा भाग कोणीतरी पुसल्याप्रमाणे मंद दिसत होता. चुंबक लावून येथे काहीच कळत नाही, कारण ३०४ ही साधी प्रत काय किंवा ३१६ काय, दोन्ही सहसा चुंबकाला धरत नाहीत. फरक आहे तो मॉलिब्डेनम या धातूचा. ३१६ एल मध्ये तो २ ते ३ टक्के असतो आणि क्षारांमुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांपासून पात्र त्यामुळेच वाचते. ३०४ मध्ये तो घातलेलाच नसतो. आम्ही पत्र्याचा कोपरा घासून मॉली टेस्टच्या रसायनाचा थेंब टाकला आणि बॅटरीची टोके लावली. शेजारी आमच्याकडचा जुना ३१६ चा तुकडा ठेवला होता. त्याच्यावर रंग उमटला. नव्या पत्र्यावर थेंब तसाच राहिला. धातूतील घटक ओळखणाऱ्या पीएमआय यंत्राच्या तपासणीतही मॉलिब्डेनम नाममात्र निघाला. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर मिलच्या गुणवत्ता विभागाला ईमेलने कळवला, तेव्हा तो वेगळ्याच जाडीच्या आणि दुसऱ्याच ग्राहकाला गेलेल्या मालाचा असल्याचे उत्तर आले.

हा पत्रा वापरला गेला असता तर काय झाले असते, याचा विचार मला अस्वस्थ करतो. ज्या पात्रात औषध तयार होणार, ते बनावट प्रमाणपत्राच्या पत्र्याचे असते आणि त्यावर आमच्या कारखान्याची पाटी असती.

नुकसान दिलेल्या दोन हप्त्यांवर थांबले नाही. मोटर आणि गिअरबॉक्स येऊन पडले होते, त्यांचे पैसे गेले होते आणि त्यांच्या हमीचा काळ निघून चालला होता. डिश एंड दाबून देणाऱ्याकडे राखून ठेवलेली वेळ हातची गेली. वेल्डर बसून राहिले, आणि ग्राहकाच्या करारातील विलंबाचा दंड आठवड्यागणिक वाढत गेला. एका साहित्याची तारीख खोटी ठरली की तिच्यावर टेकलेल्या सगळ्या तारखा कोसळतात. खरा माल पुन्हा त्याच आठ ते दहा आठवड्यांच्या मुदतीने मागवावा लागला.

व्यापाऱ्याने टेम्पो का पाठवला, हे वकिलांशी बोलल्यावर उलगडले. थोडा माल दिला की ‘पुरवठा केला आहे, दर्जाबद्दल वाद आहे’ असे म्हणायला जागा होते आणि प्रकरण दिवाणी वादासारखे दिसू लागते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरण्यासाठी फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता, हे दिसावे लागते. आमच्या तक्रारीला आधार मिळाला तो रद्द केलेले ई-वे बिल, दुचाकीचा क्रमांक आणि मिलचे ईमेल या तीन कागदांचा. त्यामुळे संशय येताच पोर्टलवरील नोंदींचे स्क्रीनशॉट घ्यावेत, टेम्पोचालकाकडील चलनाची प्रत ठेवावी आणि आलेला पत्रा परत न पाठवता सीलबंद करून बाजूला ठेवावा. व्यापारी फोनवर ‘परत पाठवा, बदलून देतो’ असे आग्रहाने म्हणत होता; पत्रा परत गेला असता तर पुरावाच गेला असता. ऑनलाइन व्यवहारातील फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, पण पैसे खात्यातून पुढे हलण्याआधी तेथे तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. आमच्या बाबतीत घाटाच्या कहाण्यांनी नेमका तोच काळ खाल्ला.

कराच्या वजावटीचे दुखणे वेगळेच आहे. जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या खरेदी-विवरणात उतरले तरच इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळते. हे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. आमचे बिल त्यात आलेच नाही.

आता आमच्या तक्त्यात पुरवठादाराने सांगितलेली तारीख आणि पडताळलेली तारीख असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि ग्राहकाला तारीख दिली जाते ती दुसऱ्या रकान्यातून. कोणी तयार साठा असल्याचे म्हटले तर त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद पत्र्यावरच्या हीट नंबरशेजारी धरून काढलेले छायाचित्र मागतो, आणि रक्कम मोठी असेल तर तपासनीस गोदामात पाठवतो. साठा खरोखर ज्याच्याकडे असतो, त्याला याचे काही वाटत नाही. मिलचे सर्टिफिकेट ऑर्डर देण्याआधीच मिलकडून तपासून घेतो. नव्या पुरवठादाराला दुसरा हप्ता एलआरवर देत नाही. पीएमआय तपासणी झाल्यावर देतो. ३१६ आणि ३१६ एल यांतला फरक कार्बनचा असतो आणि हातातल्या एक्स-रे पीएमआय यंत्राला तो मोजता येत नाही, म्हणून प्रत्येक हीटचा एक तुकडा स्पेक्ट्रो चाचणीसाठी प्रयोगशाळेत जातो. या चाचण्यांचे दिवस लीड टाइममध्ये धरलेले असतात आणि काम कितीही घाईचे असले तरी ते कापले जात नाहीत. चौकशीपत्रात मात्र आम्ही आमची गरजेची तारीख लिहिणे बंद केले आहे. ‘तुमच्याकडून माल केव्हा मिळेल ते कळवावे’ एवढेच वाक्य तेथे असते.